गॅसिफायर घेण्याआधी लाकडातले पाणी मोजा

महोदय,

जैवभारापासून (लाकूड, पेंढा वगैरे) वीज हा विषय निघाला की गॅसिफायरची, म्हणजे कमी हवेत लाकडाचा ज्वलनशील वायू करणाऱ्या भट्टीची, क्षमता आणि त्या वायूवर चालणाऱ्या इंजिनाचे किलोवॉट यांची चर्चा रंगते. लाकडातल्या पाण्याचा आकडा कुणी विचारत नाही, आणि प्रकल्प बहुधा तिथेच बसतो.

डाउनड्राफ्ट (वायू खालच्या बाजूने काढणाऱ्या) गॅसिफायरला २० टक्क्यांच्या आत ओलावा असलेले लाकूड लागते. ताज्या तोडीच्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते. समजा ओलावा ४० टक्के आहे. एक किलोतल्या ४०० ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे १ मेगाज्यूल खर्च होतो. उरलेल्या ६०० ग्रॅम कोरड्या लाकडाची ऊर्जा साधारण ११ मेगाज्यूल. कागदावर हा तोटा जेमतेम दहावा हिस्सा. पण तो भट्टीच्या ऐन गाभ्यातून वजा होतो. तिथले तापमान हजार अंशांच्या वर टिकले तरच लाकडातून सुटलेले डांबर तुटते. भट्टी थंडावली की ते वायूबरोबर पुढे जाते, इंजिनाच्या इनटेक व्हॉल्व्हवर (वायू आत घेणाऱ्या झडपेवर) बसते आणि व्हॉल्व्ह चिकटतो. दोष मात्र इंजिनाला दिला जातो! इंजिन फार कमी भारावर चालवले तरी हेच होते, कारण हवा कमी ओढली जाते.

ओलावा मोजणे अवघड नाही. नमुना तोलावा, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन उतरायचे थांबेपर्यंत ठेवावा, पुन्हा तोलावा. पुरवठादाराशी बोलताना टक्केवारी ओल्या वजनावर की कोरड्या, हे आधी ठरवून घ्यावे. १०० ग्रॅममध्ये २० ग्रॅम पाणी असेल तर पहिल्या हिशोबाने २० टक्के, दुसऱ्याने २५. वाद इथूनच सुरू होतात. सुकवण्यासाठी वेगळे इंधन जाळू नये, इंजिनाच्या धुराड्यातली उष्णता वापरावी.

लाकडाऐवजी गव्हाचा पेंढा टाकला तर भानगड निराळी. त्यातल्या पोटॅशियममुळे राख लवकर वितळते, तिचे खडे होतात आणि जाळी तुंबते. भुसा तसाच ओतला तर हवेची वाटच बंद होते. त्याच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या विटा) कराव्या लागतात.

आणखी एक. या वायूचा पाचवा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, म्हणून खोली हवेशीर हवी आणि तिथे गळतीची सूचना देणारा अलार्म हवाच. स्क्रबरच्या (वायू धुऊन साफ करणाऱ्या यंत्राच्या) पाण्यात फिनॉल ही विषारी रसायने उतरतात; ते प्रक्रिया न करता गटारात सोडू नये.

– एक वाचक