माझ्या पाठीतल्या यंत्राविषयी, आप्पांना

लीड्स, इंग्लंड
दि. १३ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप आप्पांना नंदाचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत की पाठीत वेदना कमी करणारे विजेचे यंत्र बसवले म्हणजे नेमके काय केले, विजेने वेदना कमी होते तरी कशी, आणि मी घाईत काहीतरी तुटक उत्तर दिले. दुसऱ्या दिवशी वाईहून अक्काचा फोन आला. तिलाही तसेच यंत्र बसवून घ्यायचे आहे, त्यासाठी हातातल्या पाटल्या पतसंस्थेत तारण ठेवायची दाजींची तयारी आहे, आणि हे सारे मी पाठवलेला बागेत चालतानाचा व्हिडिओ पाहून ठरले, हे ऐकल्यापासून माझे कशात लक्ष लागत नाही. म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे. तुम्ही ते आधी स्वतः वाचावे आणि सवडीने वाईला जाऊन अक्काला व दाजींना वाचून दाखवावे.

माझे दुखणे काय होते हे मी तुम्हांला कधी नीट सांगितले नाही, कारण इतक्या लांबून तुम्ही काळजी करण्याखेरीज काय करू शकणार होता? २०१९ साली कमरेच्या तळाशी सरकलेली चकती काढण्याची शस्त्रक्रिया झाली, एवढे तुम्हांला ठाऊक आहे. त्या शस्त्रक्रियेने कंबर सुधारली, पण डाव्या पायातली आग गेली नाही. चकतीखाली कित्येक महिने दबलेली नस मोकळी झाली, तरी तिला झालेली इजा राहिली. मांडीच्या मागून पोटरीवर आणि तिथून करंगळीपर्यंत एक जळती रेघ दिवसरात्र असे. रात्री पांघरुणाचा काठ पावलाला लागला तरी मिरची चोळल्यासारखे होई, म्हणून मी पायांशी पुठ्ठ्याचे रिकामे खोके ठेवून त्यावर रजई टाकत असे. दोन वर्षे मी तशी झोपले. गॅबापेन्टिन झाले, अमिट्रिप्टिलिन झाले, व्यायामही नेमाने केले. गोळ्यांनी आग थोडी मंदावे, पण डोके इतके जड होई की कामावर समोर मांडलेल्या आकड्यांची बेरीज लागत नसे.

आप्पा, तुम्ही आठवीच्या वर्गात विजेची घंटा टेबलावर मांडून दाखवत असत, ती मला या काळात फार आठवली. बटण दाबले की घंटा वाजते. तशी बोट भाजले की वेदना होते, आणि ती वेदना खरी बातमी देते. पण तारेतच बिघाड झाला तर बटणाला कोणी हात न लावताही घंटा वाजत राहते. माझ्या पायाला काहीही झालेले नव्हते. बिघाड नसेत होता. इथल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत हा भेद मला समजावून सांगितला, कारण पुढचे सगळे त्याच्यावर अवलंबून असते. स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर हे यंत्र मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे नसेतून उठणाऱ्या वेदनेसाठी आहे. गुडघा झिजला, सांधा सुजला, स्नायू आखडला, तर तिथे त्याचे काम नाही.

विजेने वेदना कशी कमी होते, हा तुमचा प्रश्न. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी असा सिद्धान्त मांडला की मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर एक प्रकारचे दार असते. स्पर्शाची बातमी जाड आणि वेगवान तंतूंतून येते, वेदनेची बारीक आणि संथ तंतूंतून. स्पर्शाच्या तंतूंची वर्दळ वाढली की ते दार लोटले जाते आणि वेदना पुढे कमी पोहोचते. कोपर आपटल्यावर आपण नकळत ते चोळतो आणि बरे वाटते, ते यामुळेच. दोनच वर्षांनी, १९६७ साली, अमेरिकेत क्लीव्हलँड येथे नॉर्मन शिली या शल्यविशारदाने फुप्फुसाच्या कर्करोगाने तळमळणाऱ्या एका रुग्णाच्या मज्जारज्जूच्या मागच्या बाजूस विद्युतअग्र, म्हणजे विजेचा प्रवाह देणारे टोक, बसवून हा विचार प्रत्यक्षात आणला. त्याही फार पूर्वी रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीवर आणि पायाच्या संधिवातावर विजेचा झटका देणारा जिवंत मासा लावायला सांगत असे. तुम्हांला आवडेल म्हणून हे मुद्दाम लिहिले. आजचे यंत्र केवळ त्या दाराच्या सिद्धान्ताने पूर्ण उलगडत नाही, असे शास्त्रज्ञच म्हणतात. जुन्या पद्धतीत सेकंदाला साधारण ४० ते ६० स्पंदने देतात आणि दुखऱ्या भागात मुंग्या जाणवतात. नव्या एका पद्धतीत सेकंदाला १०,००० स्पंदने देतात आणि काहीच जाणवत नाही. माझे यंत्र मुंग्यांचे आहे.

आईला सांगा की मज्जारज्जूच्या आत काहीही टोचलेले नाही. मज्जारज्जूभोवती जे आवरण असते, त्याच्या बाहेर, आवरण आणि मणक्याचे हाड यांच्यामधल्या जागेत शेवयीसारखी बारीक तार सरकवलेली आहे. दुखणे पायाचे, पण तार खांद्याच्या पात्यांच्या जरा खाली आहे, कारण पायाकडून मेंदूकडे जाणारे तंतू तिथून वर चढतात. तारेचे दुसरे टोक कातडीखालून कमरेखाली नेऊन काडेपेटीएवढ्या बॅटरीला जोडले आहे.

हे यंत्र मागितले की मिळते असे नाही. इथल्या सरकारी आरोग्यसेवेला उपचारांची शिफारस करणारी नाइस नावाची संस्था आहे. तिच्या २००८ सालच्या निर्णयानुसार वेदना नसेची असावी लागते, योग्य ते सर्व उपचार करूनही निदान सहा महिने तिची तीव्रता शून्य ते शंभरच्या मापावर पन्नास किंवा त्याहून अधिक राहिलेली असावी लागते, आणि कायमचे यंत्र बसवण्याआधी तात्पुरती चाचणी यशस्वी व्हावी लागते. त्याआधी वेदनातज्ज्ञ, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि मानसशास्त्रज्ञ असे चौघे रुग्णाला पाहतात. मानसशास्त्रज्ञाचे नाव ऐकून मी दुखावले होते. माझे दुखणे मनाचे आहे असे यांना वाटते, अशी माझी समजूत झाली. प्रत्यक्षात त्या बाईंनी मला तासभर एकच विचारले, की यंत्राने निम्मेच दुखणे कमी झाले तर उरलेल्या निम्म्याबरोबर तुम्ही काय कराल. त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मला पंधरा दिवस लागले, आणि आज वाटते की अक्कालाही आधी हाच प्रश्न विचारायला हवा.

चाचणीच्या दिवशी मला पालथे झोपवून, पाठीचा तेवढाच भाग बधिर करून, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत डॉक्टर तार वर सरकवत होते. रुग्ण जागा असावा लागतो, कारण तार नेमकी कुठे लागली ते तोच सांगू शकतो. आधी पोटाच्या बाजूला मुंग्या आल्या, मग उजव्या मांडीत; मी नाही, नाही म्हणत होते. मग तार केसभर हलली आणि डाव्या पोटरीवरून करंगळीपर्यंत, त्या जळत्या रेघेवरच, कोमट पाण्याच्या नळाखाली पाय धरावा तसे काहीतरी उतरले. मला रडू आले. परिचारिकेला वाटले दुखते आहे म्हणून, आणि मला तिला इंग्रजीत धड सांगता येईना.

पुढचे सात दिवस तारेचे टोक पाठीतून बाहेर आणि छोटी डबी कमरेला चिकटवलेली, अशी मी घरी होते. अंघोळ नाही, वाकणे नाही, हात वर करणे नाही. रोज वहीत वेदनेचा आकडा लिहायचा होता, पण मला त्या आकड्यापेक्षा पोळ्यांचा हिशेब अधिक खरा वाटला. पूर्वी दोन पोळ्या झाल्या की मी स्टूल ओढून घेत असे. चौथ्या दिवशी नऊ पोळ्या उभ्याने झाल्या आणि शेवटची तव्यावर असताना माझ्या लक्षात आले की स्टूल कोपऱ्यातच आहे. त्या रात्री पायांशी खोके न ठेवता झोपले. रजई पावलाला लागत होती, हे मला कळत होते, पण जाळत नव्हते.

कायमचे यंत्र दोन महिन्यांनी बसले. त्यानंतर सारे सुरळीत झाले असे दाजींना वाटत असेल, तर पुढचे त्यांना सावकाश वाचून दाखवा. तीन महिन्यांनी एका सकाळी मुंग्या पायातून नाहीशा झाल्या आणि बरगडीखाली येऊ लागल्या, म्हणजे तार जागेवरून सरकली होती. पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा टाके, पुन्हा सहा आठवडे जपून वागणे. तार सरकणे ही या उपचारातली नेहमीची अडचण आहे, आणि जंतुसंसर्ग झाला तर सगळे यंत्र काढावे लागू शकते. आठवड्यातून एकदा बॅटरीवर पट्टा बांधून तासभर चार्ज करत बसावे लागते. एमआरआय काढायचा तर आधी यंत्राचे कार्ड दाखवून परवानगी घ्यावी लागते. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात शेक देण्याचे जे डायथर्मी मशीन असते, ते मला जन्मभर वर्ज्य आहे, कारण त्याची ऊर्जा तारेवाटे आत जाऊन मज्जारज्जूजवळचा भाग भाजू शकते. अक्का तर तोच शेक दर आठवड्याला घेते आणि तिला त्याने बरे वाटते.

आता जे लिहायला मला जड जाते ते लिहिते. या यंत्राविषयी जाणकारांत एकमत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माझ्यासारखेच, पाठीच्या शस्त्रक्रियेनंतरही पाय दुखणारे १०० रुग्ण होते. सहा महिन्यांनी यंत्र बसवलेल्यांपैकी ४८ टक्के जणांची पायातली वेदना निम्म्याने किंवा अधिक कमी झाली, तर केवळ नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण ९ टक्केच होते. पण कोणाला यंत्र आहे हे त्यात सर्वांना ठाऊक होते. २०२२ साली नॉर्वेतल्या डॉक्टरांनी अशाच ५० रुग्णांच्या यंत्रांतून काही महिने प्रवाह दिला आणि काही महिने दिला नाही, आणि कधी काय चालू आहे हे रुग्णांना सांगितले नाही. त्यांना दोन्ही काळांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. तिथली स्पंदने वेगळ्या पद्धतीची होती, मुंग्या न आणणारी, आणि त्या मांडणीवर आक्षेपही घेतले गेले आहेत. तरी तो अभ्यास वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. मागे एकदा एडिंबरोला जाताना माझा चार्जर घरी राहिला आणि यंत्र बंद पडले, तेव्हा संध्याकाळपर्यंत ती जळती रेघ परत आली होती. माझ्यासाठी तो पुरावा पुरेसा आहे. पण यंत्र बंद असल्याचे मला ठाऊक होते, तेव्हा तुम्ही शिकवलेल्या अर्थाने त्याला प्रयोग म्हणता येणार नाही, आणि माझ्या एकटीच्या पायावरून अक्काच्या पाठीचा निर्णय तर मुळीच घेता येणार नाही.

शिवाय अक्काचे दुखणे वेगळे आहे. तिची शस्त्रक्रिया झालेली नाही. तिला पायात आग नाही, मुंग्या नाहीत. कंबर वाकल्यावर दुखते, आडवे झाल्यावर थांबते, आणि गुडघे जिना चढताना बोलतात. हे सारे ती स्वतःच मला फोनवर सांगत असते. कंबरदुखीवरच्या या उपचाराचे सर्व अभ्यास एकत्र करून कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात नकली, म्हणजे प्रवाह न देता केलेल्या, उपचाराच्या तुलनेत या यंत्राचा टिकाऊ फायदा बहुधा होत नाही, असाच निष्कर्ष आहे. मला इथे एक पैसाही द्यावा लागला नाही, हेही दाजींना स्पष्ट सांगा. आपल्याकडे एकट्या यंत्राचीच किंमत काही लाखांत जाते, आणि माझ्यासारखी तार सरकली तर दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च वेगळा. अक्काला हे यंत्र बसवायला कोणी तयार झालेच, तर माझी वेदना नसेची आहे असे तुम्ही कशावरून म्हणता, आणि आधी तात्पुरती चाचणी करणार का, हे दोन प्रश्न तिने विचारावेत. चाचणीवाचून थेट यंत्र बसवतो असे कोणी म्हणाले, तर तिथून उठून यावे.

अक्काला वाटेल की स्वतःला सुख मिळाले आणि मला नको म्हणते. आप्पा, तसे तिला वाटू देऊ नका. लहानपणी माझ्या पायात काटा गेला की तो तीच काढत असे, आणि तिचे दुखणे एका तारेने जाणार असते तर मी स्वतः तिला घेऊन मुंबईला गेले असते. तिच्या गुडघ्यांकडे आधी कोणी नीट पाहिलेले नाही, असे मला राहून राहून वाटते. वेदनेवर काम करणारे तज्ज्ञ आता पुण्यातही आहेत. एखाद्याला केवळ निदानासाठी दाखवावे, उपचाराचे नंतर ठरवावे. मात्र तिला लघवीवर ताबा राहिनासा झाला, मांड्यांच्या मधला भाग बधिर वाटला किंवा पायातली शक्ती अचानक गेली, तर माझ्या उत्तराची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

मी ९ डिसेंबरला पहाटे मुंबईला उतरते. विमानतळावर तपासणीच्या दारातून जाताना यंत्र बंद करून कार्ड दाखवावे लागते, त्यामुळे बाहेर यायला थोडा उशीर होईल, काळजी करू नये. दुसऱ्या दिवशी कराडला आणि तिसऱ्या दिवशी वाईला येते. तोवर अक्काचा एमआरआयचा अहवाल आणि गुडघ्यांचे एक्स-रे चंदूकडून फोटो काढून पाठवा, आणि पाटल्या तिच्या हातातच राहू द्या.

तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार, चि. चंदूस अनेक आशीर्वाद. कळावे.

तुमची,
नंदा