टूथपेस्ट लावण्याआधी बॉनेटवर नख फिरवून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत उन्हापावसाने फिकी पडलेली गाडी घरच्या घरी चमकवायच्या टिप्स आल्या होत्या. बाकीच्या ठीक आहेत, पण बॉनेट टूथपेस्टने घासा ही टिप वाचली आणि राहवेना, म्हणून लिहितेय. हेच करून माझ्या गाडीचं बॉनेट गेलंय.

माझी गाडी लाल, आठ वर्षं उघड्यावरच उभी. आधी बॉनेटवर आणि टपावर दुधट डाग पडायला लागले, जणू कोणी ताकाचा हात फिरवलाय. मी टूथपेस्टने घासलं, डाग गेला. दीड-दोन महिन्यांत परत आला. मग एका ठिकाणी रबिंग-पॉलिश करून घेतलं, त्या दिवशी तोंड दिसेल इतकी चमक, मला वाटलं झालं काम. परत डाग, परत रबिंग. तिसऱ्यांदा डाग आला तेव्हा त्याच्या कडेवरून सहज बोट फिरवलं तर नख अडकलं, आणि नखाबरोबर पातळ प्लास्टिकसारखा पापुद्रा सुटून हातात आला, खाली रंग होता पण खडूसारखा कोरडा, काही चमक नाही. तेव्हा कळलं की आपण डाग घालवत नव्हतो, पेंटच घालवत होतो.

नंतर एका जुन्या पेंटरने नीट समजावलं. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यात क्लिअर 40-50 च्या आसपास, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही पातळ! चमक ती या क्लिअरचीच, आणि उन्हातल्या अतिनील किरणांचा मारही तोच खातो. टप, बॉनेट आणि डिकीचं झाकण आधी जातं ते यामुळेच, तिथे ऊन सरळ डोक्यावर पडतं, दरवाजे उभे असल्यामुळे बरीच वर्षं टिकतात. आता रबिंग कंपाउंड असो की टूथपेस्ट, दोन्हीत बारीक घासणारी पूड असते आणि ती दर वेळी या क्लिअरमधलं थोडं थोडं खरवडून नेते. पॉलिशने गाडीवर काही चढत नाही, असलेलं उतरतं. ही एक गोष्ट मला कोणीतरी आधी सांगायला हवी होती.

म्हणून घासायच्या आधी नुकसान कुठल्या थरात आहे ते बघा, दोन मिनिटांचं काम आहे. गाडी धुवा, डागावर पाणी टाका. ओलं असताना डाग दिसेनासा झाला तर बऱ्याचदा फक्त वरचा पृष्ठभाग खडबडीत झालेला असतो, पण तेवढ्यावर खूश होऊ नका, कारण क्लिअर सुटायला लागलेलं असलं तरी कधी कधी पाण्याखाली असंच छान दिसतं. सुकू द्या आणि मग डागाच्या कडेवरून नख हळूच फिरवा. नख अडकलं किंवा जवळून बघताना केसासारख्या भेगा दिसल्या तर क्लिअर मेलं, तिथे पॉलिशचा काही उपयोग नाही. जुन्या गाड्यांवर अजून एक बघायचं, पांढऱ्या फडक्याला थोडं पॉलिश लावून एका कोपऱ्यात घासा, फडक्याला गाडीचाच रंग लागला तर वर क्लिअर नाहीच, एकाच थराचा पेंट आहे. असा पेंट खडूसारखा झाला तरी बऱ्याचदा पॉलिशने छान उजळतो, फक्त तोही दर वेळी पातळ होतो हे विसरू नका.

नख अडकलं नाही आणि भेगाही नसतील तर गाडी वाचली. धुवून क्ले बार (मऊ मातीसारखी वडी) भरपूर पाण्याच्या फवाऱ्याबरोबर फिरवा म्हणजे चिकटलेली घाण निघते, मग बारीक पॉलिश आणि शेवटी वॅक्स किंवा सीलंट. मशीन वापरणार असाल तर ड्युअल अ‍ॅक्शनवालं, म्हणजे फिरता फिरता डोलणारं बघा, नुसतं गरगर फिरणारं रोटरी नवख्या हातात दिलं की एका जागी तापून पेंट जाळतं. पॅनलच्या कडांवर टेप लावा कारण तिथे पेंट सगळ्यात पातळ असतो. आणि हे सगळं सावलीत, पत्रा थंड असताना.

पाण्याचे गोल पांढरे डाग वेगळे, ते जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचे असतात, व्हिनेगरमध्ये तितकंच पाणी घालून दोन-तीन मिनिटं ठेवलं आणि लगेच धुतलं की ताजे डाग निघतात. पक्ष्याची विष्ठा मात्र वाळू देऊ नका आणि वाळलीच तर खरवडू नका, ओलं फडकं थोडा वेळ ठेवून मऊ करा आणि उचलून घ्या. तापलेला पेंट मऊ असतो, रात्री थंड होताना तो त्या डागाभोवती आवळतो आणि खड्डा कायमचा राहतो.

आता पापुद्रे निघायला लागलेत त्यांच्यासाठी. त्यावर वॅक्स, सिरॅमिक कोटिंग, डब्यातलं स्प्रे क्लिअर, काहीही मारू नका. सिरॅमिक वाईट नाही, धडधाकट पेंटवर छानच असतं, पण सुटलेल्या क्लिअरवर मारलं तर खालच्या क्लिअरबरोबर तेही निघतं. वॉटर पेपरने (पाणी लावून वापरायचा काचपेपर) घट्ट थर लागेपर्यंत घासून अख्खं पॅनल नव्याने रंगवावं लागतं, मधेच जोड दिला तर जोड दिसतो आणि तिथूनच परत सुटतो. पेंटरला विचारा, क्लिअर टू-के म्हणजे हार्डनर मिसळायचं आहे का, आणि रंग गाडीवरच्या कोडवरून काढणार की डोळ्याने जुळवणार (कोडचा स्टिकर बहुतेक दरवाजाच्या चौकटीत नाहीतर बॉनेटखाली सापडतो). टू-के क्लिअर कृपा करून घरी तोंडाला रुमाल बांधून मारू नका, त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फुफ्फुसांना घातक, रुमालाने ते अडत नाही.

चाकाच्या कमानीवर किंवा दरवाजाच्या खालच्या कडेला फुगा आला असेल तर ते रंगाचं दुखणंच नाही, खाली गंज आहे. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो म्हणून तो पेंटला वर ढकलतो. त्यावर पुट्टी भरून रंग मारणारे खूप भेटतात आणि हे बघून खरंच जीव तुटतो, कारण पुट्टी ओल शोषते आणि फुगा परत येतो, बहुतेक आधीपेक्षा मोठा. चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, मग इपॉक्सी प्रायमर, मग पुढचं सगळं. दगड लागून टिकलीएवढा पेंट उडाला असेल तर तेव्हाच टच-अप मारून टाका, पावसाची वाट बघू नका.

आणि धुळीच्या गाडीवर कव्हर घालू नका, वाऱ्याने ते हललं की काचपेपरचंच काम करतं.

विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत ती टूथपेस्टची ओळ मागे घ्या आणि तिथे नखाची ही तपासणी छापा. तुमची पुरवणी कापून ठेवणारे लोक आहेत, मी स्वतः ठेवते, आणि कोणीतरी या रविवारी बॉनेट घासायला बसणार आहे. माझं बॉनेट सध्या पेंटरकडे आहे, कालच प्रायमर लागलाय.

तुमची एक नियमित वाचक