किमान पेन्शन महागाईशी जोडा

महोदय,
सातपूर एमआयडीसीत लेथवर उमेदीची वर्षे गेली. आता ईपीएस-९५ या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन बीपीच्या गोळ्या आणि गॅस सिलिंडरमध्येच संपते. सप्टेंबर २०१४ मध्ये किमान पेन्शन १,००० रुपये झाली, ती तिथेच अडकली. महागाई भत्त्याचे तर नावच नाही. त्याच वर्षी पेन्शनसाठी धरायची वेतनमर्यादा ६,५०० वरून १५,००० केली, पण पगाराची सरासरी शेवटच्या १२ ऐवजी ६० महिन्यांची धरली, म्हणजे जुना कमी पगारही हिशेबात आला. एका हाताने दिले, दुसऱ्याने काढून घेतले!

किमान रक्कम महागाईशी जोडा. आणि हो, लोखंड घासून अंगठ्याच्या रेषा गेल्या आहेत, हयातीच्या दाखल्याचे मशीन आम्हाला ओळखत नाही. मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला मिळतो म्हणे. मग मोबाइल हाताळणारा माणूस बँकेत बसवा.

– एक निवृत्त कामगार, सिडको, नाशिक