आधी नावांची यादी, मग बिल

मा. संपादक,

मनुष्यबळ पुरवठ्याची निविदा शून्य सेवाशुल्कात, म्हणजे ठेकेदाराच्या शून्य मोबदल्यात, गेली, ही कालच्या अंकातली बातमी वाचली. तिला ‘बचत’ म्हटलेले पाहून संताप आला. किमान वेतन सरकार ठरवते, पीएफ आणि ईएसआयचे (कामगार विम्याचे) दरही ठरलेले. बोली लागते ती फक्त सेवाशुल्कावर. तेच शून्य भरणारा ठेकेदार कमावतो कशातून? कामगाराच्या पगारातूनच. म्हणून तर जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर अशा कंत्राटांना किमान 3.85 टक्के सेवाशुल्काची अट घालावी लागली.

मी पुण्यातल्या एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेतून निवृत्त झालो. आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या मावशींच्या पगारातून दरमहा पीएफ कापला जायचा. मुलीच्या लग्नासाठी पैसे काढायला गेल्या, तर सुरुवातीचे काही महिने सोडून पुढे भरणाच नाही. बिलांना चलने मात्र बिनचूक जोडलेली! चलनावर ठेकेदाराच्या सगळ्या माणसांची एकत्र रक्कम असते, नावे नसतात. नावे ईसीआरमध्ये, म्हणजे पीएफच्या मासिक विवरणपत्रात, असतात; ती प्रत कोणी मागितलीच नव्हती. पुढे कळले, तेच चलन आणखी एका कार्यालयाच्या बिलालाही लावले होते. ‘‘कापले तर खरं, मग गेले कुठं?’’ मावशी विचारत होत्या. साहेबांनी उत्तर दिले, ‘‘तुमच्या ठेकेदाराला विचारा.’’ तोवर ठेकेदार बदलला होता आणि जुन्याचा फोन बंद होता.

हे उत्तर देण्याचा त्यांना अधिकारच नव्हता. ठेकेदाराने पगार थकवला तर तो मूळ मालकाने द्यायचा, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होते. पगारवाटपाच्या वेळी मूळ मालकाचा प्रतिनिधी हजर हवा, हेही त्यात होते. पीएफच्या योजनेतही ठेकेदाराच्या माणसांच्या भरण्याची जबाबदारी मूळ मालकावरच आहे. इथे मूळ मालक म्हणजे ते कार्यालय, दुसरे कोणी नाही.

पीएफ पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो. त्यानंतर ईसीआर मागवावा, त्यातली नावे हजेरीपटाशी ताडावीत आणि मगच बिल पास करावे. महापालिकेपासून तहसील कचेरीपर्यंत सगळ्यांना हे आजपासून करता येईल, त्यासाठी नवा जीआर लागत नाही.

आपल्या बातमीत ठेकेदार बोलला, अधिकारी बोलले. कामगार एकही नाही. शिवाय निविदा सूचना इतक्या बारीक टायपात छापता की आमच्या वयाच्या माणसाला त्या वाचता येत नाहीत. तो टाइप कृपया मोठा करा.

— एक निवृत्त कर्मचारी, धनकवडी, पुणे