ब्राऊन फॅटबद्दल नीट छापा

मा. संपादक, नमस्कार,

थंडी सुरू झाली की तुमच्या पेपरात चरबी जाळायच्या गोळ्यांच्या जाहिराती येतात, पण अंगातच उष्णता तयार करणारी एक चरबी असते हे कुठं छापून येत नाही म्हणून लिहितोय. तिला ब्राऊन फॅट म्हणतात, तान्ह्या बाळाच्या पाठीत खांद्यांच्या मधे ती असते, आणि मोठ्या माणसांतही असते हे २००९ साली स्कॅनवरून पक्कं झालं.

तिच्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया (इंधन जाळणाऱ्या बारीक भट्ट्या) खच्चून भरलेले असतात आणि त्यात यूसीपी-१ नावाचं प्रोटीन असतं, त्यामुळं इंधन जळून थेट उष्णता होते. आमच्या सांगलीकडं कारखान्याचा बॉयलर हंगामात रात्रंदिवस पेटता असतो, पण राख वेळेवर काढली नाही तर तो चालेल का? तसंच इथं. थंडीत पेशीवर काम वाढतं, प्रोटीन खराब होतात, ती तोडायला पेशीत प्रोटिअसोम नावाचं यंत्र असतं (खराब प्रोटीनला युबिक्विटिनची खुणेची चिठ्ठी लावून ती तोडली जातात, या शोधाला २००४ चं नोबेल मिळालं), आणि एनआरएफ-१ नावाचं, जनुकं चालू करणारं प्रोटीन त्या प्रोटिअसोमचं काम थंडीत वाढवतं. २०१८ च्या संशोधनात उंदरांच्या ब्राऊन फॅटमधून एनआरएफ-१ काढलं तर कचरा साठला, सूज आली, मायटोकॉन्ड्रियाचं काम मंदावलं आणि चरबी साध्या साठवणीच्या चरबीसारखी पांढरी दिसायला लागली. मायटोकॉन्ड्रियाच्या आत लॉन नावाच्या प्रोटीनसारखे वेगळे सफाईवाले असतात ते आणखी निराळेच.

गोळ्यांच्या जाहिरातीशेजारी हे एवढं तरी छापा, आमच्या गल्लीतली पोरं त्या गोळ्या घेतायत.

एक वाचक, सांगली