शनैश्चर

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या ‘शनी’ या रचनेचे ध्वनिमुद्रण तीनदा ऐकले. कड्यांसाठी योजलेला तरफांचा, म्हणजे मुख्य तारांखाली आपसूक घुमणाऱ्या तारांचा, झंकार सुरेख आहे. परंतु कडी, उपग्रह, वादळे आणि साडेसाती हे सारे पाच मिनिटांत बसवण्याच्या खटाटोपात प्रत्यक्ष शनीलाच जागा उरलेली नाही.

गुस्टाव होल्स्ट या इंग्रज संगीतकाराने १९१४ ते १९१७ या काळात ‘द प्लॅनेट्स’ ही ग्रहांवरची सात भागांची वाद्यवृंदरचना करताना ग्रहांकडे दुर्बिणीतून नव्हे, तर पत्रिकेतून पाहिले आणि प्रत्येकाचा एकच स्वभाव धरला. रोमन पुराणांतील व्हीनस ही प्रेमाची देवता. त्याने तिला शांतीची केले. ‘मंगळ’ ऐकताना मांडीवर मात्रा मोज, म्हणजे पाच भरतील. तंतुवादक तेथे गजाच्या लाकडी दांडीने तारांवर ठोके देतात आणि तो कोरडा आवाज ऐकणाऱ्याच्या अंगावर चाल करून येतो. (आपला झपतालही पाच-पाचच्या अर्धांचा, पण किती डौलाने चालतो!)

त्याचा शनी म्हणजे म्हातारपण. आरंभी दोनच स्वरसंघात (एकत्र वाजणारे स्वर) आळीपाळीने, थकलेल्या पावलांसारखे पडत राहतात. पुढे घंटांचा कल्लोळ उसळतो आणि मग सारे निवते. सातही भागांत होल्स्टला स्वतःला हाच भाग सर्वांत प्रिय होता. ऋग्वेदातील सूक्तांना चाली लावण्यासाठी तो संस्कृत शिकला होता. ‘शनैश्चर’ हा शब्द त्याच्या वाचनात आला होता का, या विचाराने मला उगीचच गंमत वाटते.

तू तोच शब्द धर. शनैः, म्हणजे हळूहळू, चालणारा. सूर्याभोवती एका फेरीला त्याला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणून एका राशीत तो अडीच वर्षे रेंगाळतो आणि तीन राशींची साडेसाती होते. खगोल आणि पुराण येथे एकाच संथपणात भेटतात, आणि पुराणातला शनी तर पायाने अधू. तेव्हा विलंबित साडेसात मात्रांचे आवर्तन बांधून पाहा. शेवटची अर्धी मात्रा पाऊल ओढल्यासारखी ऐकू आली पाहिजे. झंकार एकदाच, मध्यावर ठेव.

शेवटी तू तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणे, घेतली आहेस, ती काढून टाक. ‘नेपच्यून’च्या अखेरीस होल्स्ट स्त्रियांचा वृंद शेजारच्या खोलीत गायला बसवतो आणि त्या खोलीचे दार हलकेच लावून घ्यायला सांगतो, त्यामुळे आवाज नेमका कधी थांबला, ते श्रोत्याला कळत नाही. नवा खर्डा झाला की पाठव, मी तबल्यावर ठेका धरून पाहीन.

तुझा,
बाबा