दोन चुली

प्रिय सुध्या,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, त्याला कारण तुझंच वाक्य. ‘प्राण्यांच्या जाती वगैरे काही नसतं रे, माणसानं डब्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या आहेत त्या.’ (पेपरवाले हल्ली ‘जाती’ऐवजी ‘प्रजाती’ लिहितात, विश्वकोशात प्रजाती म्हणजे जातीच्या वरची पायरी. चिठ्ठ्यांचा घोळ आहे खरा, एवढा गुण तुला.)

सध्या आमच्या मागच्या आंब्यावर हिरवट वटवट्या आलाय. सात-आठ ग्रॅमचा पक्षी, उत्तरेतून सह्याद्रीत हिवाळा काढायला आलेला. याची भावकी तिबेटच्या पठाराला कडं घालून पसरलीय. हिमालयातून एक फांदी मध्य आशियामार्गे पश्चिम सैबेरियात गेली, दुसरी चीनमधून पूर्व सैबेरियात. वाटेत शेजाऱ्याची शेजाऱ्याशी सोयरीक होते, गाणं मात्र थोडं थोडं बदलत जातं. आणि मध्य सैबेरियात दोन्ही टोकं समोरासमोर येतात तेव्हा ओळखच देत नाहीत! डॅरन अर्विन हा जीवशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नरांना पलीकडच्यांचं गाणं ऐकवून पाहिलं. आपल्यांच्या गाण्यावर चवताळून येणारे नर त्याकडे ढुंकूनही बघेनात. २००१ मध्ये हे छापून आलं.

जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट मायर म्हणायचा, ज्यांचं आपसांत प्रजनन होतं त्यांची एक जात. मग ही एक की दोन? हिमालयातून मोजत निघालास तर एक, सैबेरियात उभा राहिलास तर दोन. तू म्हणशील, बघ, सिद्ध झालं. पण ती फारकत पक्ष्यांनी घेतलीय, आपण नाही. पुढे जनुकं तपासली तेव्हा साखळी मधेही काही ठिकाणी तुटली होती असं दिसलं. ते तुटणंही कुणी चिठ्ठी लावून घडवलेलं नव्हतं.

मला मायकेल गिझेलिन या जीवशास्त्रज्ञाचं १९७४ चं म्हणणं पटतं: जात म्हणजे गुणांची यादी नव्हे, काळात जगणारी एकच वस्तू. आपल्याकडच्या घराण्यासारखी. अमुक नाकाचा म्हणून कुणी भोसले होत नाही, त्या घरात जन्मला म्हणून होतो. घर फुटतं तेव्हा वाटण्या नेमक्या कुठल्या दिवशी मनात आल्या ते कुणालाच सांगता येत नाही, पण चुली दोन झालेल्या दिसतात. धूरही वेगळा निघतो.

डिसेंबरात ये. दुर्बीण आहे. पश्चिमेकडच्याच्या पंखावर एक फिकट पट्टी असते, पूर्वेकडच्याच्या दोन. आमच्या आंब्यावरच्याला बहुधा एकच असणार, पण नीट मोजून घेऊ.

तुझा,
अन्या